न सांगता जायचं नाही

कुंदानं मला हलवून उठवलं तेव्हा खिडकीबाहेर अजून धुकं होतं. तिच्या ओढणीच्या झोळीत शेवंतीची फुलं होती आणि हातांना दवाचा गारठा.

"वहिनी, हात दे इकडं," ती म्हणाली. पांघरुणातून माझा हात ओढून तिनं मनगटाला दोरा गुंडाळला, माप घेतलं, गाठ मारली. मग दंडाचं माप झालं, गळ्याचं झालं. कमरेचं घ्यायला गेली तर दोरा पुरेना. त्यावर ती जी हसायला लागली ती थांबेचना. मलाही हसू आवरेना, आणि आमच्या हसण्यानं पोटातलं बाळ जागं होऊन चुळबुळ करायला लागलं. कुंदानं लगेच तिथं गाल टेकला आणि बाळाला सांगितलं, की आज तुझ्या आईला मी अशी नटवणार आहे की या वसाहतीत असं डोहाळजेवण कुणी बघितलं नसेल.

साखर कारखान्याच्या वसाहतीत आमचं क्वार्टर होतं. हे कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. घरात आम्ही चौघं. हे, मी, सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणायची, आणि यांची धाकटी बहीण कुंदा. सासरे माझ्या लग्नाच्या आधीच गेले होते. थंडीचे दिवस, गळिताचा हंगाम जोरात होता. उसाच्या गाड्यांची रांग फाट्यापर्यंत जायची, आणि मळीचा तो गोडसर आंबूस वास घरातल्या अंथरुणापांघरुणात मुरलेला असायचा. आता कुठं गुऱ्हाळावरून जाताना तसा वास आला, की मला आधी ते क्वार्टर आठवतं, आणि मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाय सोडून बसलेली, एकवीस-बावीस वर्षांची कुंदा.

मला सगळे भाऊच. बहीण नाही. लग्न होऊन मी त्या घरात आले आणि पहिल्या आठवड्यातच कुंदानं मला अशी काही जवळ केली, की माहेरची आठवण काढायलाही मला फुरसत उरली नाही. ती माझी वेणी घालायची, माझ्यासाठी ब्लाऊज शिवायची. दुपारी आत्या झोपल्या की आम्ही दोघी चिंचा खात मागच्या दारात बसायचो. साध्या दिवसाचा सण करायची तिला हातोटी होती. एकदा माझ्या हातून सगळी भाजी करपली. मी रडकुंडीला आले होते. तिनं शेजारून केळीची पानं मागून आणली, ताटांभोवती रांगोळी काढली आणि सगळ्यांना दहीभात असा थाटानं वाढला, की हे दोनदा भात मागून घेऊन जेवले. अशा वेळी ती माझ्या गळ्यात पडून म्हणायची, "वहिनी, तुझ्यासारखं मला जगात कुणी नाही."

आणि हीच कुंदा, मी शेजारच्या सुनेशी दारात उभी राहून जरा जास्त वेळ बोलले, तर संध्याकाळपर्यंत माझ्याकडं बघायची नाही. बघितलं तर असं बघायची, की मी तिचं काहीतरी चोरलं आहे. माझ्यासाठी हौसेनं शिवलेला एक ब्लाऊज तिनं अशाच एका दुपारी चुलीत घातला. कारण एवढंच, की मी तिच्याशिवाय बाजारात जाऊन आले होते. तासाभरात ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देत होती. तिचं खोटं काहीच नव्हतं. आधीचा रागही खरा आणि नंतरचं रडणंही खरं. फक्त एकातून दुसऱ्यात ती कधी गेली ते कुणाला दिसायचं नाही.

घरात याला तिचा स्वभाव म्हणत. आत्यांनी एका देवऋषाकडून गंडा आणून तिच्या दंडाला बांधला होता. कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टॉनिकची बाटली दिली होती. यांचं म्हणणं, लग्न झालं की निवळेल. माझ्या लग्नाच्या आधी एका मैत्रिणीशी बिनसलं तेव्हा तिनं स्वतःला इजा करून घेतली होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा हात धुताना तिच्या बांगड्या वर सरकल्या आणि मला ते व्रण दिसले. तिनं मी बघितलेलं बघितलं. त्या दिवसापासून मी तिच्याशी जपून वागायला लागले. जपून म्हणजे घाबरून.

तर डोहाळजेवणाचा तो दिवस. कुंदानं पहाटेपासून फुलं ओवली होती. बांगड्या, बाजूबंद, गळ्यातलं, कमरपट्टा, डोक्याला मुकुट. सोप्यातल्या कडीला झोपाळा टांगून त्याच्या दोऱ्यांनाही तिनं शेवंती आणि अबोली गुंडाळली होती. मधूनमधून ती धावत येऊन मला काहीतरी दाखवायची, परत धावत जायची. सकाळपासून पोटात काही नव्हतं तिच्या. मी चहा दिला तर तो तसाच गार झाला. तिचे डोळे असे चमकत होते, की मला तिच्याकडं बघून बरंही वाटत होतं आणि कुठंतरी भीतीही वाटत होती.

ठरलं होतं ते असं. डोहाळजेवण सोमवारी. गुरुवारी माझा धाकटा भाऊ विलास येणार आणि मला बाळंतपणासाठी लोणंदला, माहेरी नेणार. कुंदाला हे ठाऊक होतं. गुरुवार हा शब्द तिनं मनाशी मान्य केला होता. मधल्या तीन दिवसांत आम्ही काय काय करायचं तेही तिनं ठरवलं होतं.

पण विलास सोमवारीच दुपारी आला. मित्राची जीप त्याला फक्त त्याच दिवशी मिळत होती. ताईला एसटीचे हादरे नकोत, म्हणून आईनंच त्याला पिटाळलं होतं. ओटी भरून झाली की लगेच निघू, असं त्यानं आत्यांना सांगितलं. आत्यांना ते पटलं. मला मुकुट चढवत असताना त्यांनी माझ्या कानाशी येऊन हे सांगितलं आणि वर बजावलं, की कुंदाला आत्ता काही बोलू नको, कार्यक्रम नीट पार पडू दे, मग मी बघते. मी मान हलवली. दुसरं काही करायला तिथं जागाच नव्हती. सोपा बायकांनी भरला होता आणि मी फुलांनी मढून झोपाळ्यावर बसले होते.

बायका एकेक करून ओटी भरत होत्या. कुंदा माझ्या मागं उभी राहून झोपाळ्याला हळूहळू झोका देत होती. शेजारच्या पाटोळेकाकू ओटी भरायला वाकल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, बरं झालं बाई जीप मिळाली, आज संध्याकाळी सुखानं पोचशील.

झोपाळा थांबला.

कुंदा मागून पुढं आली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता. "आज जाणारेस तू?"

मी म्हणाले की मला आत्ताच कळलं, मी तुला सांगणारच होते. ती माझ्याकडं बघत होती, पण मी काय म्हणते ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. तिनं आत्यांकडं बघितलं, दारात उभ्या असलेल्या विलासकडं बघितलं, पाटोळेकाकूंकडं बघितलं. सगळ्यांना माहीत होतं आणि तिला एकटीला माहीत नव्हतं, एवढंच तिला दिसत होतं.

"मला सोडून सगळ्यांना सांगितलंस," ती म्हणाली. तिनं झोपाळ्याच्या दोरीवरची फुलं मुठीत धरून खसकन खाली ओढली. मग दुसऱ्या दोरीवरची. मग माझ्या समोर उभी राहून, फार मोठ्यानं नाही, पण प्रत्येक बाईला ऐकू जाईल असं ती बोलली. "जा तू. आणि ते पोटात आहे ना, त्याचं तोंड तुला बघायला मिळू नये."

ओटीतले तांदूळ माझ्या मांडीवरून घरंगळून खाली पडत होते, त्यांचा आवाज मला ऐकू येत होता. आत्या पुढं झाल्या आणि त्यांनी कुंदाच्या तोंडात मारली. कुंदानं गालाला हातही लावला नाही. ती वळली आणि मागच्या दारानं अनवाणी निघून गेली.

मग एकदम सगळे बोलायला लागले. कुणी माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवायला धावलं, कुणी देवापुढं दिवा लावला. विलास माझी बॅग घेऊन बाहेर आला. या घरात तुला आता क्षणभर ठेवणार नाही, असं तो म्हणाला, आणि भाऊ म्हणून त्याचं काही चुकत नव्हतं. मी झोपाळ्यावरून उठले. मी पोटावर हात ठेवून थांबले होते, आत काही हलतं का बघत. हललं तेव्हा मला रडू फुटलं.

आत्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. इतकी ताठ बाई, पण त्या दिवशी मला त्या एकदम म्हाताऱ्या दिसल्या. त्या माझ्याकडं न बघता हळूच म्हणाल्या, "वैजू, ती तळ्याकडं गेली असंल गं."

कारखान्याच्या मागच्या अंगाला फवाऱ्यांचं तळं होतं. यंत्रांतून आलेलं गरम पाणी नळ्यांतून उंच उडवायचे आणि ते गार होत तळ्यात पडायचं. थंडीत त्याच्यावर वाफेचा ढग असायचा आणि आसपासची हवा उबदार लागायची. कुंदा आणि मी कितीदा तरी तिथल्या बुटक्या कठड्यावर जाऊन बसलो होतो. तळं खोल होतं, आणि कुंदाला पोहता येत नव्हतं.

मी जाते म्हणाले. विलासनं अडवलं, आत्यांनीही अडवलं. हे ड्यूटीवर होते. त्यांना बोलावणं धाडलं होतं, पण तेवढं थांबायची माझी तयारी नव्हती. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात दया नव्हती. मला तिचा संताप आला होता. माझ्या बाळाला तिनं असं का म्हणावं, हे मला तिला तोंडावर विचारायचं होतं. आणि ते विचारायला ती जिवंत असायला हवी होती. मी तशीच, हिरवी साडी आणि अंगभर फुलं घालून निघाले. विलास थोडं अंतर ठेवून मागून येत राहिला.

ती कठड्यावर बसली होती. पाय आतल्या बाजूला, पाण्याकडं. वाफेत तिची फक्त पाठ दिसत होती. मी जवळ जायला लागले तशी तिनं मान न वळवता सांगितलं, की तिथंच थांब, जवळ येऊ नको.

"का?"

"मी बोलले ते तुला लागेल. लांब राहा माझ्यापासून. बाळालाही लागेल."

मी विलासला खुणेनं लांबच उभं केलं आणि जाऊन तिच्या शेजारी बसले, पाय बाहेरच्या बाजूला सोडून. सातव्या महिन्यात कठडा ओलांडणं काही मला जमणारं नव्हतं. पाण्याचे तुषार दोघींच्या अंगावर येत होते. मी तिचा हात धरला नाही. धरला तर ती झटकेल अशी भीती होती. पण तिच्या ओढणीचं टोक मात्र माझ्या मांडीखाली दाबून बसले.

"मला तुझा राग आलाय, कुंदा," मी म्हणाले. "फार आलाय. तू जे बोललीस ते कुणी कुणाला बोलू नये."

"मग जा ना."

"जाणारच आहे. पण गुरुवारी. तुला गुरुवार सांगितला होता, तर गुरुवारीच जाईन. विलासची जीप गेली तरी चालेल."

तिनं माझ्याकडं मान वळवली. मग म्हणाली, की राग आलाय म्हणतेस आणि जात नाहीस, असं कसं? तिच्या आवाजात खरंच नवल होतं. लहान मूल विचारतं तसं तिनं ते विचारलं होतं.

"राग आला म्हणून माणूस काय परकं होतं?" मी म्हणाले. "आत्यांचा मला रोज राग येतो. तुझ्या दादाचा येतो. तुझा आज आला. उद्या थोडा कमी असेल."

ती परत पाण्याकडं वळली. मग तिनं जे सांगितलं ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं, कारण त्याआधी तिनं कधीच आपल्या आतलं असं सांगितलं नव्हतं.

"सकाळी मला इतकं सुख झालं होतं, वहिनी, की ते अंगात मावत नव्हतं. मला वाटत होतं, आता हे कायमचं. आणि काकू बोलल्या तसं कुणीतरी छातीतलं सगळं एका दमात ओतून टाकलं. आत काहीच राहिलं नाही. तसं झालं की मला काही कळत नाही. हाताला येईल ते मी फेकते. तुला लागलं की मला कळतं, की मी फेकलं." ती थांबली. "मला एक सांग. सकाळी फुलं ओवत होती ती मी, का मघाशी बोलली ती मी? मला खरंच ठाऊक नाही. तुला ठाऊक असलं तर सांग."

मी काही शिकलेली सवरलेली नव्हते. मॅट्रिक होऊन घरी बसलेली मुलगी. पण दोन वर्षं मी तिच्यासोबत राहिले होते.

"दोन्ही तूच," मी म्हणाले. "मला दोघी माहीत आहेत. मी दोघींच्या घरात राहते."

ती रडायला लागली. मोठ्यानं नाही. खांदे तेवढे हलत होते. काही वेळानं तिनं एकेक करून पाय कठड्याच्या बाहेरच्या बाजूला घेतले. तिची पावलं वाटेतल्या खड्यांनी लाल झाली होती. मी माझ्या चपला काढून तिच्यापुढं सरकवल्या, तर तिनं त्या परत माझ्याकडं सरकवल्या. तेव्हा मला कुठून सुचलं कुणास ठाऊक, पण मी तिला म्हणाले, "माझ्याबरोबर चल लोणंदला. बाळंतपण होईपर्यंत राहा."

तिला वाटलं मी तिची समजूत काढते आहे. मी म्हणाले, समजूत नाही, खरंच चल. पण एक ठरवायचं. तुला रुसायचं असेल तर रुस. भांडायचं असेल तर भांड. फक्त न सांगता कुठं जायचं नाही. आणि मीही तुला न सांगता कुठं जाणार नाही. शेजारच्या घरात जायचं असलं तरी सांगून जाईन.

"आणि तू विसरलीस तर?"

"तर तू मला विचार, का विसरलीस म्हणून. मी सांगेन."

आम्ही घरी परतलो तेव्हा दिवस कलला होता. मागून विलास मुकाट्यानं चालत होता. घरी जे व्हायचं ते झालंच. आत्यांनी डोक्याला हात लावला. नणंद भावजयीच्या माहेरी बाळंतपणाला जाते हे कुणी ऐकलं होतं? विलास म्हणाला, माझ्या आईनं आता हिचंही करायचं का? तो रागानंच रिकामी जीप घेऊन गेला. हे ड्यूटीवरून धावत आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कुंदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाले, की वैजू म्हणते तर कुंदाला जाऊ दे. गुरुवारी हे, कुंदा आणि मी, आम्ही तिघं एसटीनं लोणंदला गेलो. वाटभर कुंदा माझ्या पाठीशी उशी धरून बसली होती.

लोणंदचे ते महिने सुखाचे गेले असं म्हणायचं मला फार वाटतं, आणि आठवणीत ते तसेच उरलेत. आईच्या परसात ऊन खात बसलेल्या आम्ही दोघी, कांद्याच्या गोण्यांनी भरलेल्या बैलगाड्या, कुंदानं शिवलेली इवली इवली झबली. पण नीट आठवायला बसलं की बाकीचंही आठवतं. माझी आई एकदा माझ्या पायांना तेल लावत होती आणि कुंदानं ताट भिरकावलं. एकदा ती दिवसभर जेवली नाही. एकदा संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि दात आवळून म्हणाली, "वहिनी, मी स्टेशनकडं चाललेय. सांगून चाललेय." मी विचारलं, परत कधी येणार? ती म्हणाली, माहीत नाही. मी म्हणाले, बरं, मी दार उघडं ठेवते. ती रेल्वे रुळांकडं गेली असेल का या विचारानं माझा जीव अर्धा झाला, मी विलासला तिच्या मागं पाठवलं. ती फलाटावरच्या बाकावर बसून होती. दिवेलागणीला परत आली आणि थेट भाकऱ्या थापायला बसली. ठरलेलं तिनं पाळलं होतं. तिला ते किती जड गेलं असेल, हे मला तेव्हा कळलं नाही.

मुलगी झाली. सुखरूप झाली. कुंदा दवाखान्याच्या व्हरांड्यातून आत येईना. बाळाला बघायलाही येईना. शेवटी माझी आईच दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन बाहेर गेली आणि, धर गं जरा, मला हात धुवायचेत, असं म्हणून तिच्या मांडीवर ठेवून निघून गेली. परत आली ती बऱ्याच वेळानं. तोपर्यंत कुंदा जशीच्या तशी बसून होती. बाळाचा हात तिच्या बोटाभोवती मिटलेला होता.

बारशाला आत्या आल्या, वसाहतीतल्या दोघीतिघी बायकाही आल्या. बाळाचं नाव ठेवायचा मान बाळाच्या आत्याचा, म्हणजे कुंदाचा. पण डोहाळजेवणाच्या दिवशीची गोष्ट कुणी विसरलं नव्हतं. हळू आवाजात चर्चा सुरू झाली, की यांच्या चुलतबहिणीलाच आत्या म्हणून पुढं करावं, उगीच कशाला. सासूबाईंनीही त्यांना अडवलं नाही. मी पाळण्यापाशी बसले होते. मी म्हणाले, नाव कुंदाच ठेवेल. कुंदा पाळण्यापाशी आली. ती वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, आणि मग सरळ होऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अक्षता."

बायकांना लग्नातल्या अक्षता आठवल्या, त्या हसल्या, कुणीतरी म्हणालं, छान आहे, वेगळं आहे. जिला काही इजा झाली नाही ती अक्षता, हे तिथं फक्त आम्हा दोघींना कळलं होतं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. कुंदाचं लग्न झालं, दोन वर्षांत मोडलं. पुण्यात नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. ज्या मैत्रिणींना ती देव मानायची, त्यांच्याशी कायमचं तुटलं. दोनदा आम्हाला तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. माझ्याशीही ती कधी महिना-महिना बोलायची नाही. पण अबोला धरण्याआधी फोन करून सांगायची, की मी आता तुझ्याशी बोलणार नाहीये. मग मी वाट बघायची.

ती पस्तिशीच्या आसपास असेल, तेव्हा एकदा भरदुपारी तिचा फोन आला. पुण्यात एका डॉक्टरीणबाईंकडं ती काही महिने जात होती. "वहिनी, याला नाव आहे," ती म्हणाली. मला काही उमगेना. तिनं एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. त्या डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या होत्या, की इतरांच्या मनाला उंबरा असतो, बाहेरचं जे येतं ते तिथं थोडं थांबतं. तुमच्या मनाला तो नाही, सगळं थेट आत येतं. आपण तो आता बांधायचा. वेळ लागेल, पण बांधता येतो. फोनवर ती हसत होती की रडत होती मला सांगता आलं नाही. "म्हणजे मी वाईट नव्हते," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "म्हणजे मी नुसतीच वाईट नव्हते." आत्या तोपर्यंत गेल्या होत्या. त्यांना हे ऐकायला मिळायला हवं होतं असं मला फार वाटलं.

उंबरा बांधायला पुष्कळ वर्षं लागली. औषधं थोडी होती, बोलणं जास्त. दर आठवड्याला जायचं, बसायचं, एकेक रागाला, एकेक भीतीला नाव द्यायचं. कुंदा गेली. कंटाळून दोनदा सोडलं, परत गेली. आता ती साताऱ्यात दोन खोल्यांत राहते आणि शाळांचे गणवेश शिवते. केस पिकलेत. आवाज खाली आलाय. राग आला की उठून दुसऱ्या खोलीत जाते, आणि मी जरा आत जाऊन येते असं सांगून जाते.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडं गेले होते. ती मशीनवर बाह्या जोडत होती आणि मी शेजारी बसून बटणं लावत होते. दुपारचं ऊन खोलीभर पसरलं होतं. तिला असं निवांत बसलेलं बघून मला सुख वाटत होतं, आणि तरी कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, की कुंदा, तुझ्या त्या सकाळी मला फार आठवतात गं. मला उठवायचीस, हसायचीस. तसं हसणारं माणूस मी पुन्हा बघितलं नाही.

तिनं मशीन थांबवलं.

"तुला माझ्या सकाळी आठवतात, वहिनी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मला संध्याकाळी आठवतात. त्या मला एकटीलाच आठवाव्या लागतात."

मी हातातलं काम खाली ठेवलं.

"एक मलाही आठवते," मी म्हणाले. "तळ्याकाठची."

तिनं मशीनवरची बाही काढून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "त्या दिवशी मी फार वाईट बोलले होते."

"हो. बोलली होतीस."

तिनं मान हलवली. मला वाटलं ती आता आत जाईल, किंवा रडेल. ती तशीच बसून राहिली, हात मांडीवर ठेवून. बाहेर शाळा सुटली होती, रस्त्यावर मुलांचा गलका चालला होता. तो ओसरल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, गाडी किती वाजताची आहे. मी म्हणाले, आहे चारची, पण नंतरही आहेत.

"मग संध्याकाळ होईपर्यंत थांब," ती म्हणाली.

मी थांबले.